अकरा लाखांची मेल

मेल उघडताच सुलभा चिकोडेच्या टेबलावर वीतभर उंचीचे आण्णा मगदूम उभे राहिले. हल्ली प्रत्येक मेल पाठवणाऱ्याचं रूप घेऊन यायची.

"सुलभा, तांब्याच्या तारेचे अकरा लाख या नव्या खात्यावर पाच मिनिटांत टाक. मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको."

आवाज मालकांचाच होता, भुवईवरचा तीळसुद्धा जागेवर होता. पण खातं नवं, घाई मोठी आणि वर फोनला बंदी! बँकेत पंप कारखान्यातल्या चाळीस जणांचा उद्याचा पगार होता. तो चोराला गेला तर संपलंच. आणि मेल खरी असली तर तिची नोकरी जाणार.

तिनं खडा टाकून पाहिला. "आण्णा, व्यापारी म्हणतोय, आजच माल हवा तर बारा लाख पडतील."

"बरं, बारा टाक."

सुलभानं मेल तिथेच बंद केली. नकली माणूस बनवणारं यंत्र माणसाचा स्वभाव त्याच्या लिखाणावरून शिकतं, आणि आण्णांची घासाघीस आयुष्यभर तोंडीच चाललेली. घ्यायची नसलेली वस्तूही ते भाव पाडल्याशिवाय सोडत नसत.

तरी खात्री हवी, म्हणून ती शेडमध्ये गेली. आण्णा तिथे मोटार उघडून बसले होते. त्यांनी असली मेल पाठवलीच नव्हती. सगळं ऐकून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"पैसे वाचवलेस गं पोरी! पण चोर किती मागत होता म्हणालीस?"

"अकरा लाख."

"आणि तू सरळ नाही म्हणालीस?" आण्णा हळहळले. "अगं, आधी नऊ लाखांवर तरी आणायचा होतास!"