रिकाम्या नळ्या

डर्बनमध्ये आमचा अभ्यास संपला, वीस वर्षांतला माझा चौथा. संबंधाआधी लावायच्या मलमानं बायकांचा एचआयव्हीपासून बचाव होतो का, ते पाहायचं होतं. निम्म्या बायकांच्या मलमात औषध होतं, निम्म्यांच्या नव्हतं. कुणाला कोणतं मिळालं, त्याची यादी त्या सकाळी उघडली. अभ्यासातल्या बोनिसिलेमावशींच्या मलमात औषध नव्हतं, आणि आता त्यांना लागण झाली होती. दर महिन्याला मलमाच्या सगळ्या नळ्या रिकाम्या करून आणणाऱ्या त्या एकट्याच. त्या दवाखान्यात आल्या. मी यादीबद्दल सांगणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला. “तुमचा काय दोष, डॉक्टरबाई? मी कुठं लावलं ते? सगळं पोरीला दिलं. सतरा वर्षांची म्हणून तुम्ही तिला अभ्यासात घेतलं नाहीत. तिचा तो टॅक्सीवाला काही धड नाही.” “उद्या तिला तपासणीला आणा,” मी म्हणाले. मावशी हसल्या. “तिला कशाला? तिच्याकडे तर औषध होतं.”