उशिरा उगवलेला सूर्य

"पुढच्या रविवारी माशांची टाकी विकून टाकतो," बुटांच्या नाड्या सोडत निवृत्ती आईला म्हणाला. "त्यातलं प्रवाळ फुलतं म्हणे! मी कामावर निघतो तेव्हाही मिटलेलं, परततो तेव्हाही मिटलेलं."

लेकानं हौसेनं आणलेला समुद्र घरातून जाणार, हे यमुनाबाईंच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेजवळ बसल्या.

"टाकीतला दिवा कोण लावतं गं?"

"मोबाइल लावतो, आत्याबाई. पहाट, दुपार, संध्याकाळ, सगळ्या वेळा यात लिहायच्या. उजेड झाला की प्रवाळ उमलतं."

"मग सूर्य निवृत्ती येईल तेव्हा उगवू दे."

"तुम्हीच लिहा," सून हसली.

साठीत अक्षरं गिरवलेलं बोट यमुनाबाईंनी मोबाइलजवळ नेलं. सूर्याला वेळ सांगायची! त्यांनी आधी हात जोडले, मग आकडा लिहिला. आठवडाभर तो रोज थोडा थोडा पुढे सरकवला.

शनिवारी निवृत्ती आला, तेव्हा टाकीत पहाट होत होती. निळ्या उजेडाचा पांढरा झाला आणि दगडासारख्या गोळ्यांतून शेकडो हिरवी बोटं उमलत गेली. तो बूट न काढताच खाली बसला.

"आई, आज सूर्य उशिरा उगवला?"

"तुझ्यासाठी थांबला होता."