प्रवासाचा अनुभव

“यादीत ‘युद्ध’ नाहीये, मास्तर,” समुपदेशक ताई लॅपटॉपच्या पडद्यावरून म्हणाल्या. “दुसरं काहीतरी निवडा.”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. मायदेशी एकोणीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. आता निर्वासितांच्या वसतिगृहातली एक खोली, आणि महिनाअखेर नोकरी नाही लागली तर तीही जाणार. ताई आठवड्यातून दोनदा ऑनलाइन भेटायच्या आणि अर्ज भरून घ्यायच्या. आजचा अर्ज एकाच प्रश्नावर हटून बसला होता: नोकरीत तीन वर्षांचा खंड का पडला? उत्तरं चारच. शिक्षण, आजारपण, बाळंतपण, प्रवास.

“बाळंतपण टाका,” बायको मागून म्हणाली. “लोक निदान अभिनंदन तरी करतात.”

मास्तरांनी ‘प्रवास’ निवडला. लगेच खाली पोटप्रश्नांची रांग लागली. खोटं लिहायची मास्तरांना सवय नव्हती. देश किती? सहा. वाहन? पाय, ट्रक, रबरी होडी. मुक्काम? जंगल, सिमेंटचा पाइप, कोंबड्यांची शेड.

“पाठवू?”

“पाठवा हो. नाहीतरी वाचतंय कोण!” ताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी एका सहल कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. तीही ऑनलाइनच. ताईंनी इस्त्रीचा शर्ट घालायला सांगितलं. खाली पायजमा चालेल म्हणाल्या.

पडद्यावरचे साहेब नुसते हरखून गेले होते.

“असा अर्ज मी जन्मात पाहिला नव्हता! आमची गिऱ्हाईकं भारी हॉटेलांना विटलीयत हो. त्यांना चिखल हवाय, थंडी हवीय, काटेरी तार हवीय. तुम्ही ज्या वाटेने आलात, त्याच वाटेने बारा जणांना घेऊन जायचं. सगळं अगदी तुमच्या वेळी झालं तस्संच. जमेल?”

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ताई जोरजोरात मान हलवत होत्या. हो म्हणा, हो म्हणा. बायकोने तर हातही जोडले.

मास्तरांनी वहीत सगळं नीट लिहून घेतलं. कामात कसूर नको. मग नव्याने रुजू होणाऱ्या माणसाच्या अदबीने त्यांनी विचारलं,

“साहेब, आम्ही अठरा जण निघालो होतो, पोचलो पाच. तुमच्या बारांपैकी किती पोचवायचे?”