फॅशनचं फळ

लटारूने सरबताचा गिलास एका दमात रिकामा केला आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, कपाळावर हात मारला.

तिच्या सुनेने, मयुरीने, हा वेल माहेराहून, वरोऱ्याहून आणला होता. परसातल्या मांडवावर यंदा पहिल्यांदाच फळं धरली. पॅशन फ्रूट म्हणे. मनकर्णा त्याला फॅशनचं फळ म्हणायची आणि बोटही लावायची नाही. वरून जांभळं, सुरकुतलेलं. आत काळ्या बियांचा बुळबुळीत गर. तोच गर गाळून, गूळ-मीठ घालून मयुरीने सरबत केलं होतं.

"अवो, पेऊ नोका म्हटलं होतं ना! वानेरं पपई सोडत नाई, वालाच्या शेंगा सोडत नाई. याले एकानंबी तोंड लावलं नाई. जे वानेर खात नाई, ते आपण काऊन खाचं?"

"बेस लागते वं," नवरा मिशा पुसत म्हणाला. "मयुरी, आनखी कर बाई."

मयुरी खुशीत टोपलं घेऊन मांडवाकडे गेली. मनकर्णा नवऱ्याचं तोंड न्याहाळत बसली. डोळे फिरतात का, फेस येतो का? ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायचं तर या वेळी जीप कुठून मिळणार? लटारू मात्र मजेत ढेकर देत होता.

तिने मागच्या दारातून बाहेर पाहिलं. पपई झाडावरच पिकून पिवळीधमक झाली होती. वालाच्या शेंगा जून होऊन लोंबत होत्या. त्यांनाही कुणी शिवलं नव्हतं. वानरं परसात उतरलीच नव्हती. नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडावर बसून ती भेदरून खाकरत होती, सगळी मांडवाकडे तोंड करून.

वेलाच्या गर्द सावलीत, वाकलेल्या मयुरीच्या मागे, ठिपक्याठिपक्यांचं शेपूट हललं. बिबट!

मनकर्णाने तोंडावर पदर दाबला. ओरडावं तर पोर घाबरून पळेल, आणि पळालं की जनावर झेपावेल. लटारू उठू लागला, तसा तिने त्याचा खांदा दाबला. मग होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून लाडात हाक मारली.

"मयुरे, मीनंबी घोटभर पेलं वं. मस्त झालं. ये बाई, मले शिकव."

मयुरी थबकली. सासूने तिच्या हातच्या कशाचं कधी कौतुक केलं नव्हतं.

"थांबा आई, खाली पडलेले तेवढे वेचून घेते."

"राहू दे. आधी ये."

ती हसत आली. मनकर्णाने तिला मनगट धरून आत ओढलं, दाराला अडसर घातला, तरी मनगट सोडलं नाही.

"इतकं आवडलं, आई?" मयुरीने लाजत विचारलं.