चौदा नंबरची किल्ली

त्या पत्राला जयंतरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं, आणि आता फायर स्टेशनचं माणूसच त्यांच्या दारात येऊन बसलं होतं.

लायब्ररीची पिशवी हातात धरून ते जिन्याच्या वळणावर थबकले. वर, चौदा नंबरच्या दारासमोर, फायर ब्रिगेडच्या निळ्या शर्टातली एक तिशीची बाई उकिडवी बसली होती. दारातल्या टपालाच्या फटीचं झाकण बोटाने वर धरून ती आत बोलत होती. पाटीवरचं आडनाव वाचून तिने मराठी काढलं असावं.

"आजी, मी तनू. फायर ब्रिगेडचा. दार उघडता येतो का?"

"येतो नाही गं, येतं," आतून लीलाबाईंचा आवाज आला. "आणि नाही येत. किल्ली यांच्याकडे असते."

पत्र साधंच होतं. विलायतेतल्या हाउन्सलोच्या त्या इमारतीत मुख्य दाराशेजारी एक पोलादी पेटी बसवली होती. ती फक्त फायर ब्रिगेडकडच्या किल्लीने उघडायची. प्रत्येक फ्लॅटची एक जादा किल्ली तिच्यात ठेवायची, म्हणजे आग लागली तर दारं फोडायला नकोत. सोबत एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं: घरात मदतीशिवाय बाहेर पडू न शकणारी माणसं किती?

तिथे त्यांचं पेन अडलं. लीलाबाईंना तीन वर्षांपासून विसर पडत होता. २००५च्या डिसेंबरात त्या स्वेटरही न घालता बस डेपोपर्यंत चालत गेल्या आणि घरचा पत्ता म्हणून साताऱ्याचा सांगून बसल्या. तेव्हापासून जयंतराव दुपारी त्यांना झोप लागेपर्यंत थांबत, बाहेरून कुलूप लावत आणि पाऊण तास लायब्ररीत जात. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा होता. तोही धड कारणी लागत नसे. बायकोला कोंडून आलेल्या माणसाने वाचून असं काय शहाणं व्हायचं आहे, हा विचार पानापानाला आडवा येई.

फॉर्मवर 'एक' लिहिलं तर पुढचे प्रश्न येणार. मग कोणीतरी अगदी सभ्य आवाजात लीलाबाईंना केअर होममध्ये ठेवायची गोष्ट काढणार. 'शून्य' लिहायला हात धजत नव्हता. म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही.

"खाली बॉक्समध्ये सगळ्यांचा की आहे," तनू फटीतून सांगत होती. "फक्त तुमचा नाही. आजोबा कुठे गेले?"

"लायब्ररीत. मी झोपले की जातात."

"पण तुम्ही तर जागी आहात!"

"रोजच असते." लीलाबाई हसल्या. "सोंग करते गं. थोडी घोरते सुद्धा. नाहीतर हे घरातून हलायचे नाहीत. एवढं वाचायचं वेड, आणि माझ्यापायी नुसते समोर बसून राहतात. मग मीच त्यांना बाहेर काढते."

जयंतरावांनी जिन्याचा कठडा धरला.

मग लीलाबाईंनी विचारलं, "तू आमच्या मीनलच्या वर्गातली का गं?" मीनल त्यांची मुलगी. तिची शाळा सुटून पंचवीस वर्षं झाली होती.

"नाही आजी. मी फायर ब्रिगेडचा."

"अगं बाई! आग कुठे लागलीय?"

"कुठेच नाही."

"मग बस की. चहा टाकला असता, पण तू बाहेर आणि मी आत."

तनूने मान वळवली आणि तिला जयंतराव दिसले. चार महिने मनात घोटलेली सगळी इंग्रजी वाक्यं त्या क्षणी त्यांना सोडून गेली.

"कुलूप मी लावतो," ते म्हणाले. "मला काय बोलायचं ते बोला. तिला नेऊ नका."

"आजोबा, मी कोणाला न्यायला नाही आलो." ती गुडघे झटकत उठली. "आग लागला तर कुठल्या दारामागे कोण आहे, ते मला कळायला पाहिजे. पाच मजले आहेत इथे. तुम्ही सांगितलं नाही तर मी आजीकडे शेवटी जाणार."

जयंतराव उरलेल्या पायऱ्या चढून वर आले. त्यांनी दार उघडलं. हातातली किल्ली पुन्हा खिशात टाकली नाही, तनूच्या हातावर ठेवली. "दुसरी आहे माझ्याकडे."

"थँक यू. आणि हा लॉक बदलायचा. आतून किल्लीशिवाय उघडणारा पाहिजे. दार उघडला की वाजणारा अलार्म मिळतो, तो मी बघतो. फॉर्म मात्र पोस्टाने पाठवा, ऑफिसला कागद लागतो."

"कोण आलंय हो?" लीलाबाईंनी विचारलं.

"तुझी मैत्रीण," जयंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फॉर्म पुढे ओढला. 'मदतीशिवाय बाहेर पडू न शकणारी माणसं किती' या प्रश्नासमोर 'एक' लिहिलं. सोफ्यावर लीलाबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि बारीक घोरत होत्या. जयंतराव बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फॉर्मवर थोडी दुरुस्ती केली, पाकीट चिकटवलं आणि कपाटातून दोन कोट काढले.

"लीला, ऊठ. पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येऊ."

घोरणं थांबलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत लीलाबाईंनीच पाकीट टाकलं. आतल्या फॉर्मवर 'एक' खोडून 'दोन' लिहिलं होतं, आणि नावांच्या रकान्यात लीलावतीच्या खाली जयंत.