प्रत्येकी पाच मिनिटं

मुलुंडच्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला त्या दिवशी सहानुभूती शिकवायची होती. चालता न येणाऱ्यांचं दुःख कळावं म्हणून छत्तीस मुलांनी प्रत्येकी पाच मिनिटं व्हीलचेअरवर बसायचं ठरलं. शाळेत व्हीलचेअर एकच होती, त्याच वर्गातल्या संघमित्राची. बाईंनी तिला उचलून भिंतीशी सतरंजीवर बसवलं. छत्तीस गुणिले पाच म्हणजे तीन तास, असा हिशेब तिने मनातल्या मनात केला.

तासाभरातच तिला लघवीची घाई झाली.

"प्रीतम, खुर्ची दे ना रे, बाथरूमला जायचंय."

"ए, माझी अजून तीन मिनिटं आहेत!" प्रीतमने गरकन गिरकी घेतली. "झकास फिरते यार ही!"

"बाई, प्लीज, मला माझी खुर्ची हवीय."

"थांब गं जरा. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

खुर्ची परत आली तेव्हा तिच्याखालची सतरंजी ओली झाली होती आणि छत्तीस मुलं नाक दाबून हसत होती.

शनिवारी प्रगतिपुस्तकं मिळाली.



'सहानुभूती'पुढे 'सुधारणा आवश्यक' असा शेरा वर्गात एकट्या संघमित्रालाच होता: 'स्वतःची वस्तू इतरांना द्यायला कुरकुर करते.'