एक टोपली, एक बाई

बारा दिवस रानात रबराच्या वेली कापून म्हातारा इलोंबे साहेबाच्या ठाण्याच्या कुंपणापाशी आला, तेव्हा तो अर्धा झोपेतच होता. चीक अंगाला फासायचा, वाळू द्यायचा आणि केसांसकट सोलून काढायचा, अशी ती कामाची रीत. आपली कातडी कुठे संपते नि रबर कुठे सुरू होतं, हे आता त्याचं त्यालाच कळत नव्हतं. टोपली मात्र काठोकाठ भरली होती. ती दिली की साहेबाने ओलीस धरलेली बायको, बोलुंबू, सुटणार होती. वाटभर, त्या अर्ध्या झोपेत, बोलुंबू त्याच्या शेजारून चालत आली होती. केळी उकडायला टाकू का, म्हणून विचारत होती.

गोऱ्या साहेबाने टोपली तोलली, मान डोलावली. शिपायाने फाटक उघडलं. आत ओलीस बायका बसल्या होत्या.

"बोलुंबू कुठंय?"

"परवाच गेली, बाबा," शिपाई खालच्या आवाजात म्हणाला. तो नदीच्या खालच्या अंगाच्या गावचा, याच बोलीचा. "आत खायला होतं कुठं?"

इलोंबे हसला. शेवटच्या ओढ्यापर्यंत तर ती बरोबर होती.

साहेब व्यवहाराला चोख. मेलं कोण, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

"टोपली आली ना? मग एक बाई सोड. कुठलीही."

शिपायाने ते म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा बायकांत अजून बोलुंबूलाच शोधत होता. कुणी बाई पुढे झाली नाही. ज्याचं सगळं गेलं, त्याच्याकडे सुटका कोणत्या तोंडाने मागायची?

"लवकर करा, बाबा. फाटक लावायला सांगेल तो."

तेव्हा सगळ्यांत लहान पोर उठली. छातीवर हात ठेवून, गावच्या वाटेवर भेटावं तशी म्हणाली, "आजोबा, तुमचा बोल?"

वडीलधारं माणूस भेटलं की त्याचा बोल मागायचा, आणि मागितल्यावर त्याने तो द्यायचाच. बोल म्हणजे जन्मभराची एक म्हण, ज्याची त्याची निराळी. इलोंबेचा साऱ्या पंचक्रोशीला पाठ होता: हत्ती जातो, वाट राहते. पण त्या दिवशी तोंडून दुसराच निघाला.

"वेलीचं रक्त पांढरं, आपलं लाल," तो सावकाश म्हणाला. "साहेबाला दोन्ही चालतं."

मग त्याने पोरीचा हात धरला.

"काय म्हणतो म्हातारा?" साहेबाने विचारलं.

शिपायाची मान खाली गेली होती. थोरांचा बोल ऐकल्यावर ती जातेच.

"काही नाही, साहेब. नातीला म्हणतोय, घरी चल."